तीस हजारात कलर ग्रेडिंगचा मॉनिटर: डिचोलीच्या एका लग्नवाल्या एडिटरचं प्रकरण

प्रकरण माझ्या मावसभावाचं आहे. त्याला विचारूनच लिहितोय, फक्त नाव घालू नको म्हणाला, धंद्याचा प्रश्न आहे. गोव्यात डिचोलीला राहतो, लग्नं शूट करतो आणि एडिटही स्वतःच करतो, शिमग्याला रोमटामेळ आणि चित्ररथ, अधूनमधून एखाद्या रिसॉर्टचं रील, असं सगळं मिळून बरं चाललंय. जुना विंडोज लॅपटॉप, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती, मिररलेस कॅमेरा, लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिक्या रंगात शूटिंग, आणि मग कलर ग्रेडिंग, म्हणजे ते रंग हातानं बसवणं. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा असाच सेटअप असतो, म्हणून वाटलं हे सविस्तर लिहिलं तर उपयोग होईल.

मी फोंड्याला हेच काम करतो, त्याच्यापेक्षा थोडी जास्त वर्षं, त्यामुळे काही अडलं की "दादा" म्हणून फोन येतो. या वेळचा फोन मॉनिटरसाठी होता. तीस हजार बाजूला काढलेत, म्हापशात एक ३२ इंची कर्व्ह्ड बघून ठेवलाय, १६५ हर्ट्झ, एचडीआरचा स्टिकर आहे, दुकानदार म्हणतो एडिटिंगसाठी बेस्ट, घेऊन टाकू का?

मी म्हटलं थांब, आधी सांग बिघडलंय काय.

बिघडलं होतं ते असं. पेडण्याच्या एका लग्नाचा व्हिडिओ दिला आणि नवरीच्या आईनं फोनवर बघून विचारलं, "ही अबोली की जास्वंद रे बाबा?" गजऱ्यातली अबोली अगदी लालभडक, हळदीतले चेहरे नारिंगी, आणि चुड्याचा हिरवा रंग असा की डोळ्यात खुपतो. हा पठ्ठ्या म्हणतो माझ्या लॅपटॉपवर तर सगळं मस्त दिसत होतं. आणि खरंच दिसत होतं, मी जाऊन बघितलं. त्याच्या लॅपटॉपवर अबोली अबोलीच होती, थोडी फिकटच म्हणा.

पहिला निदान-खर्च शून्य रुपये. रिझॉल्व्हमध्ये स्कोप, म्हणजे रंग आणि उजेड मोजणारे आलेख, उघडायचे. वेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगाची एक रेघ दाखवता येते, माणूस गोरा असो सावळा असो, त्वचेचा रंग साधारण त्या रेघेच्या आसपासच पडतो, कमीजास्त होतं ते उजेड आणि गडदपणा. नवरीच्या गालावर एक छोटा मास्क मारला, म्हणजे तेवढाच भाग निवडला, आणि बघितलं तर ठिपके रेघेपासून लालसर बाजूला सरकलेले आणि केंद्रापासून भलतेच लांब, म्हणजे सॅच्युरेशन भरमसाट. स्कोप स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही, तो फाईलमधले आकडे वाचतो. म्हणजे फाईलच तशी होती, फोनचा दोष नव्हता. (अर्धा दोष फोनचाही होता, तो पुढे येतो.)

मग लॅपटॉपच्या पॅनेलचं स्पेसिफिकेशन शोधलं. ४५ टक्के एनटीएससी. हे माप कंपन्या अजून का छापतात देव जाणे, एनटीएससी म्हणजे १९५३ सालचं अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप, पण त्यातून अंदाज येतो: ७२ टक्के एनटीएससी म्हणजे ढोबळमानानं आजचं पूर्ण एसआरजीबी (कॉम्प्युटर आणि वेबचं नेहमीचं रंगांचं माप), आणि ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचा साधारण दोन तृतीयांश भागच दिसतो, तोही लाल रंगात जास्त मार खाऊन. त्यात असल्या पॅनेलचा पांढरा निळसर. म्हणजे लाल दिसतच नाही म्हणून हा सॅच्युरेशन वाढवतो, पांढरा थंड दिसतो म्हणून टेंपरेचर गरम करतो, आणि त्याच्या स्क्रीनवर जेव्हा एकदाचं बरोबर दिसतं तेव्हा फाईलमध्ये जास्वंद झालेली असते. सर्दीनं नाक बंद असलेल्या माणसानं हुमणाचं मीठ-तिखट ठरवावं तसला प्रकार.

तर मॉनिटर हवा होता हे नक्की. प्रश्न कुठला.

तो ३२ इंची का नको

दुकानातला तो मॉनिटर वाईट नव्हता, गेमसाठी मी स्वतः घेतला असता. पण ३२ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला जेमतेम ७० पिक्सेल, रिझॉल्व्हचे पॅनेल आणि नोड (रंगदुरुस्तीचे एकेक टप्पे) बघायला बसलं की अक्षरं भरड दिसतात. पॅनेल व्हीए प्रकारचं. व्हीएचा कॉन्ट्रास्ट छान असतो, ३००० ला १ वगैरे, काळा खरंच काळा दिसतो, पण डोकं जरा बाजूला गेलं की सावलीतले टोन बदलतात, आणि ३२ इंची स्क्रीन जवळून बघताना तर मधोमध बसूनही कडा तिरप्याच दिसतात. साडीच्या काठातल्या गडद जांभळ्याचा शेड मी सरळ बसून ठरवला आणि मागे टेकलो तर वेगळा, असं झालं तर ग्रेडिंग कसलं करणार. आयपीएसमध्ये कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास, काळा थोडा राखाडी, पण रंग कोनावर फारसा हलत नाही. या कामाला आयपीएसच.

एचडीआरच्या स्टिकरबद्दल एकदाच बोलतो. एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा नेहमीपेक्षा मोठा पल्ला दाखवणारं चित्र. स्वस्त मॉनिटरवर डिस्प्ले-एचडीआर ४०० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पडदा ४०० निट्सपर्यंत (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजळतो आणि एचडीआर सिग्नल स्वीकारतो. लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करणं, असलंच पाहिजे अशी अट त्यात नाही. एचडीआर ग्रेडिंग त्यावर होत नाही, आणि डिचोलीतल्या लग्नाला एचडीआर कोणी मागितलेलं नाही. १६५ हर्ट्झचंही तेच. फुटेज २५ फ्रेमचं, रंगाला हर्ट्झचा काय उपयोग.

मग "डीसीआय-पी३ ९५ टक्के" वाला घेऊ?

हा त्याचा दुसरा बेत, आणि हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शहाणी माणसंसुद्धा फसतात. २००४ पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीला होतो आणि तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक पोराला थिएटरचा रंग हवा असतो. डीसीआय-पी३ हे डिजिटल सिनेमाच्या प्रोजेक्शनचं माप आहे, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) २.६, पडद्यावरचा उजेड फक्त ४८ निट्स, अंधाऱ्या हॉलमध्ये बघायचं. आपलं गिऱ्हाईक लग्न बघणार यूट्यूबवर, व्हॉट्सॅपवर आणि हॉलमधल्या टीव्हीवर. ते सगळं रेक ७०९, म्हणजे एचडी टीव्हीचं माप आहे. रेक ७०९ आणि एसआरजीबी यांचे लाल-हिरवा-निळा तेच आणि पांढराही तोच, डी६५. फरक गॅमाचा, तो पुढे सांगतो.

आता पी३ मॉनिटर विंडोजला जोडला आणि रिझॉल्व्ह उघडलं तर काय होतं? विंडोजवर रिझॉल्व्ह मॉनिटरचं आयसीसी प्रोफाईल (तो मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद) बघतच नाही. ७०९ चा लाल आकडा मॉनिटरकडे जातो आणि मॉनिटर आपला सगळ्यात लाल लाल दाखवतो, म्हणजे चित्र आहे त्यापेक्षा भडक दिसतं. मग एडिटर काय करणार, सॅच्युरेशन कमी करणार. लॅपटॉपवर जे झालं त्याच्या बरोबर उलटं, या वेळी फोनवर अबोली सुकलेली दिसली असती. मॉनिटरमध्ये नीट एसआरजीबी मोड असेल तर हे टळतं, पण बऱ्याच स्वस्त मॉनिटरांत तो मोड लावला की ब्राइटनेसचं बटणच लॉक होतं आणि पडदा भगभगीत राहतो. म्हणून पी३ वाला घ्यायचाच असेल तर घेण्याआधी हे एक विचारा: एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो का? दुकानदाराला माहीत नसतं, मेनू उघडून बघायला लावा.

त्याच्या बजेटमध्ये मला पी३ चा एक पैसाही द्यायचा नव्हता. शंभर टक्के एसआरजीबी, फॅक्टरीतून डेल्टा ई २ च्या आत कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून जुळवलेला, ब्राइटनेस खाली उतरणारा, आयपीएस. बस. डेल्टा ई म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यातलं अंतर, २ च्या खाली असेल तर साध्या डोळ्याला सहसा कळत नाही.

यादीत काय उरलं

एक, २७ इंची ४के, ९८-९९ टक्के एसआरजीबीवाले साधे आयपीएस. मोह होता. पण त्याच्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४, त्यातून ४के फक्त ३० हर्ट्झवर जातं, माऊस हलवला की फरफटतो. लॅपटॉप बदलायचे पैसे नाहीत. कटाप.

दोन, २७ इंची २५६०×१४४०, डिझायनर वर्गातले, असूसची प्रोआर्ट आणि बेन्क्यूची पीडी मालिका. टाइमलाइनला जागा भरपूर, रंग चांगले. पण यातच सगळे तीस हजार संपत होते.

तीन, असूस प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही. २४.१ इंच, १९२०×१२००, आयपीएस, शंभर टक्के एसआरजीबी आणि रेक ७०९, फॅक्टरी कॅलिब्रेशन. उंचीला फुल एचडीपेक्षा १२० ओळी जास्त, त्यामुळे १०८० चं चित्र पूर्ण दाखवूनही खाली थोडी पट्टी उरते. वीस हजाराच्या आत मिळत होता.

चार, सेकंडहँड. मुंबईहून एक जुना प्रोफेशनल मॉनिटर येत होता, नाव मोठं, भाव छोटा. बॅकलाइट किती तास जळलाय ते विकणाऱ्याला माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं. नको म्हटलं.

पाच, सरळ ४३ इंची टीव्ही घेऊन मॉनिटर म्हणून लावायचा. ही आयडिया त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या काकांची, की दिवसा एडिटिंग आणि रात्री बातम्या. टीव्ही आपल्या मनानं शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट चढवतो, ते बंद करत बसण्यापेक्षा काकांना बातम्या बघू दे.

मी तिसरा सांगितला. तोंड पडलं पोराचं. "दादा, २४ इंच? गिऱ्हाईक येऊन बसतं तेव्हा काय दाखवू?" गिऱ्हाइकाला हॉलमधल्या टीव्हीवर दाखव, ते तसंही घरी टीव्हीवरच बघणार आहेत. मॉनिटर तुझ्यासाठी आहे. उरलेले दहा-बारा हजार कशाला लागणार ते मी त्याला तेव्हा पूर्ण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर २७ इंचीच घेऊन आला असता.

मागवलेला पहिला नग बॉक्समधून काढला तो रात्री, मुद्दाम. दिवे बंद, पूर्ण काळी स्क्रीन, कोपऱ्यातून उजेड गळतोय का बघायचं, मग पांढरी, लाल, हिरवी, निळी, मेलेला पिक्सेल आहे का बघायचं. एका कोपऱ्यात हलकीशी झळ होती, आयपीएसला एवढं चालतं. परत पाठवायची मुदत संपायच्या आत हे करायचं, बॉक्स आणि थर्माकोल तोपर्यंत टाकायचा नाही.

मॉनिटर आला तरी तक्रार गेली नाही

आता खरा भाग.

पुढची काही लग्नं गेली, लाल प्रकरण मिटलं, अबोली अबोलीसारखी. आणि पावसाळ्यात वेगळीच तक्रार: चेहरे हिरवट. आजारी माणसासारखे. गंमत म्हणजे सगळ्या व्हिडिओत नाही, एकाच लग्नात हळद हिरवट आणि रिसेप्शन ठीक. त्याला वाटलं मॉनिटर फसवा निघाला. मला वाटलं व्हाइट बॅलन्स. कच्चं फुटेज बघितलं, तसं काही नव्हतं.

मग मी विचारलं की हळदीचा भाग केव्हा ग्रेड केलास? सकाळी. आणि रिसेप्शन? रात्री जेवल्यावर. जुने प्रोजेक्ट उघडून स्कोपवर तपासले तर तीच तऱ्हा, दिवसा केलेले हिरव्याकडे झुकलेले, रात्री केलेले रेघेवर. मॉनिटर रात्री एक आणि दिवसा एक असा बदलत नाही. बदलते ती खोली.

खोली कशी, तर पोपटी भिंती. डिस्टेंपर नवाच, वहिनींच्या आवडीचा. मोठी खिडकी, आणि खिडकीबाहेर कुळागर: पोफळी, केळी, मिरवेल, पावसात सगळं ओलंचिंब आणि हिरवंगार, आणि त्या पानांतून गाळून आलेला उजेड टेबलावर. पांढरा कागद धरला तर कॅमेऱ्याला तो हिरवट दिसत होता, डोळ्याला पांढराच. तेच तर. डोळा आजूबाजूच्या उजेडाला सरावतो आणि तो उजेडच पांढरा धरतो. हिरव्या खोलीत सरावलेल्या डोळ्याला मॉनिटरवरचा खरा पांढरा किंचित गुलाबी वाटतो. मग नकळत गुलाबी काढायला हिरवं वाढवलं जातं. रात्री खिडकीतून काही येत नाही, ट्यूबचा उजेड, भिंतीचा परिणाम थोडा राहतो पण कमी.

मॉनिटरबद्दलची माहिती वाचताना ही गोष्ट कुणी एवढ्या जोरात सांगत नाही, कारण भिंत विकून कुणाला कमिशन मिळत नाही. माझं मत असं झालंय की आपल्या घरांत, जिथे एक खोली निळी, एक पिवळी, एक पोपटी असते आणि जमीन लाल कोब्याची, तिथे पन्नास हजारांच्या मॉनिटरपेक्षा वीस हजारांचा मॉनिटर आणि राखाडी भिंत हे जास्त खरं दाखवतं.

वहिनींशी बोलणी मला करावी लागली. तडजोड अशी की फक्त मॉनिटरमागची आणि दोन्ही बाजूंची भिंत राखाडी, पाठीमागची पोपटी राहील. माझ्या मनात होतं पाठीमागचीही हवी, कारण ती पडद्यात आरसा मारते, पण तिथे पुस्तकांचं कपाट ओढून घेतलं आणि भागवलं. राखाडी निवडताना रंगाच्या दुकानात जे "ग्रे" म्हणून दाखवतात त्यातले अर्धे निळसर असतात, म्हणून शेड कार्ड उन्हात धरून पांढऱ्या कागदाशेजारी बघायचं. ज्यात निळं-जांभळं दिसणार नाही तो मध्यम फिकट राखाडी, मॅट फिनिश. खिडकीला दाट राखाडी पडदा. मॉनिटरच्या मागे, स्वतः दिसणार नाही असा, ६५०० केल्विनचा छोटा एलईडी. आपल्याकडे कूल डेलाइट म्हणून जो बल्ब मिळतो तोच केल्विन, पण सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा मिळाला तर घ्यावा. तो मंद ठेवायचा, भिंत उजळायची, पडदा नाही. पिवळा वॉर्म बल्ब त्या खोलीतून हद्दपार.

हा सगळा खर्च रंगाऱ्याच्या मजुरीसकट चार हजारांच्या आत बसला.

प्रोब

फॅक्टरी कॅलिब्रेशन सुरुवातीला चालतं, पण बॅकलाइट जुना होतो तसा पांढरा सरकतो, आणि ब्राइटनेस किती निट्स आहे ते डोळ्यानं कळत नाही. त्यासाठी स्क्रीनवर टेकवायचा प्रोब लागतो, कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडर, हे दोन मुख्य. नवा घेतला तर त्याच्या मॉनिटरच्या निम्म्या किमतीला तरी जातो, म्हणून एकट्यानं घेणं मूर्खपणा. आम्ही चौघांनी वर्गणी काढली, डिचोली, फोंडा, म्हापसा, मडगाव. जुना सेकंडहँड प्रोब मात्र घेऊ नका, जुन्या मॉडेलांचे फिल्टर दमट हवेत उतरतात आणि आपली हवा तुम्हाला माहीतच आहे, लेन्सला बुरशी लागते तिथे फिल्टरची काय कथा. आमचा प्रोब हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट फिरतो.

सॉफ्टवेअर डिस्प्लेकॅल, फुकट. मूळ लेखकानं काम थांबवल्यावर दुसऱ्यांनी त्याची पायथन ३ वर चालणारी आवृत्ती पुढे चालू ठेवली आहे, ती घ्यायची. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्यायचा. प्रोबला पॅनेलचा प्रकार सांगायचा, साधा व्हाइट एलईडी की जास्त रंग दाखवणारा वाइड गॅमट, हे चुकलं की पांढरा चुकतो. मग मॉनिटरच्या मेनूतल्याच लाल-हिरव्या-निळ्या गेननं पांढरा डी६५ वर आणायचा, म्हणजे एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९० च्या जवळ. ब्राइटनेस १०० निट्स. हा आकडा बघून तो दचकलाच, कारण आतापर्यंत मॉनिटर जवळपास फुल ब्राइटनेसवर होता. "एवढं अंधुक?" दहा मिनिटं बस, डोळा बसतो. भगभगीत स्क्रीनवर ग्रेड केलं की माणूस चित्र गडद करतो आणि मग दुसऱ्याच्या टीव्हीवर मंडपातले पाहुणे काळोखात जेवताना दिसतात.

गॅमा: मंद उजेडाच्या खोलीत रेक ७०९ साठी २.४ हे ठरलेलं आहे, उजेडाच्या खोलीत आणि वेबसाठी २.२ लावणारेही पुष्कळ. खोली मंद केली होती म्हणून आम्ही २.४ घेतला. दोन्हीत काम होतं, फक्त दर लग्नाला बदलत बसायचं नाही.

आता गोम. सगळं कॅलिब्रेट करून प्रोफाईल सेव्ह केलं, आणि वर म्हटलं तसं, विंडोजवर रिझॉल्व्ह ते प्रोफाईल वाचत नाही. ग्राफिक्स कार्डात भरलेली पांढऱ्या-राखाडीची दुरुस्ती तेवढी लागते, रंगांची नाही. रंगांसाठी डिस्प्लेकॅलमधूनच एक थ्रीडी लट (कुठला रंग किती बदलायचा याचं कोष्टक) बनवायची, सोर्स रेक ७०९, टोन कर्व्ह गॅमा २.४, आणि ती रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कलर मॅनेजमेंटच्या पानावर "कलर व्ह्यूअर लुकअप टेबल" या जागी लावायची. तिथे लावलेली लट फक्त बघण्यापुरती असते, रेंडरमध्ये जात नाही. पहिल्यांदा त्यानं ती नोडवर टाकली होती, बरं झालं मी बघितलं, नाहीतर त्याच्या मॉनिटरची दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या फाईलमध्ये भाजून गेली असती.

हेही सांगून ठेवतो: विंडोजचा नाइट लाइट संध्याकाळी आपोआप चालू होत होता. सगळी शोभा. तो कायमचा बंद.

दुसऱ्याच्या स्क्रीनवर

गिऱ्हाइकाच्या फोनचा अर्धा दोष म्हटलं होतं तो हा. ओएलईडीवाले बरेच फोन दुकानातून येतात तेच व्हिव्हिड मोडमध्ये, रंग चढवून दाखवतात, नॅचरल मोड सेटिंगमध्ये आत कुठेतरी असतो. त्यावर उपाय नाही, आणि त्यासाठी ग्रेड फिका करायचाही नाही, कारण त्या फोनवर सगळं जगच भडक दिसतं आणि माणसाला तेच सवयीचं झालेलं असतं. आमची पद्धत अशी की फाईल एका फोनवर नॅचरल मोडमध्ये, नाइट शिफ्ट वगैरे बंद करून बघायची, मग हॉलच्या टीव्हीवर. टीव्हीला लॅपटॉप एचडीएमआयनं जोडला आणि काळा राखाडी दिसला, किंवा सावल्या काळ्याकुट्ट गिळल्या गेल्या, तर ग्रेडला हात लावायचा नाही, आधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये रेंज फुल आहे की लिमिटेड ते आणि टीव्हीत काय आहे ते बघायचं, दोन्ही जुळले पाहिजेत. यात किती एडिटरांनी चांगले ग्रेड बिघडवले असतील याची गणती नाही.

मॅकबुकवाल्या एका गिऱ्हाइकानं व्हिडिओ फिका दिसतो म्हणून कळवलं. ते क्विकटाइमचं जुनं दुखणं, मॅक रेक ७०९ ची फाईल वेगळ्या गॅमानं दाखवतो. रिझॉल्व्हमधून काढताना गॅमा टॅग "रेक ७०९-ए" दिला की मॅकवर जवळपास जुळतं. मागणाऱ्याला तेवढी वेगळी फाईल द्यायची, सगळ्यांसाठी तीच करायची नाही.

सध्या कुठवर आलंय

दिवसा आणि रात्री केलेले चेहरे आता स्कोपवर एकाच रेघेवर पडतात, हे मी स्वतः त्याच्या प्रोजेक्टवर तपासलं. रंगावरून व्हिडिओ परत आलेला नाही. कामही लवकर उरकतं, कारण आधी तो चार फोनवर बघून चार वेळा बदलायचा.

उणिवा आहेतच. मंद खोलीत आयपीएसचा काळा राखाडी वाटतो, रात्रीच्या वरातीच्या शॉटमध्ये सावली किती खोल गेली ते डोळ्यापेक्षा वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या स्कोपवर बघावं लागतं. आकाशात पट्टे दिसले की मॉनिटरचा दोष की फुटेजचा हे पटकन कळत नाही. कॅमेरा ८ बिट लॉग शूट करतो, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, आणि त्या ताणल्या की पट्टे फाईलमध्येच पडतात, १० बिटचा मॉनिटर आणून ते जाणार नव्हते. कॅमेरा बदलेल तेव्हा तो प्रश्न. रंगांच्या अचूकतेवर ज्याचे पैसे मिळतात असं जाहिरातीचं काम आलं तर लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डातून नाही, ब्लॅकमॅजिकच्या अल्ट्रास्टुडिओसारख्या डब्यातून सरळ सिग्नल काढायचा, म्हणजे विंडोज मध्ये येतच नाही. मात्र त्याला लॅपटॉपला थंडरबोल्ट लागतं, याच्या लॅपटॉपला नाही. थिएटरसाठीची डीसीपी फाईल कुणी मागितली तर मुंबईत ग्रेडिंग सूट तासावर भाड्यानं मिळतो, तिथे जायचं, २४ इंचावर अंदाजानं करायचं नाही.

यूपीएस राहिला होता, पावसात लाईट जाते म्हणून तो घेतला, मॉनिटर आणि हार्ड डिस्क दोन्ही त्यावर. लॅपटॉपला बॅटरी असते, पण नेमकी रेंडरच्या मध्ये बाहेरची हार्ड डिस्क बंद पडली तर काय होतं ते अनुभवण्याची गरज नाही.

हिशोब सांगायचा तर मॉनिटर, वर्गणी, रंग, पडदा, दिवा मिळून तीस हजारात बसलं, यूपीएस वरचा. प्रोब महिन्यातून एकदा प्रत्येकाकडे जायचा असं ठरलंय. सध्या तो मडगाववाल्याकडे अडकलाय, चतुर्थीच्या आधी डिचोलीला पोचला पाहिजे, कारण चतुर्थी झाली की तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा घ्यायला लोक येऊन बसतात.